साडूंचा दुहेरी पहारा

एकट्या पहारेकऱ्यावर आमच्या थोरल्या साडूंइतका अविश्वास दाखवणारा माणूस तुमसर तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. नाकाडोंगरीत त्यांचं ऑनलाइन कामांचं दुकान. शटरला दोन कुलपं, तीही वेगवेगळ्या कंपन्यांची. धानाच्या बांधीत रानडुकरं येतात म्हणून दोन राखणदार, तेही एकमेकांशी अबोला धरलेले निवडून ठेवलेले. कारण विचारलं तर म्हणतात, "दोस्ती झाली का दोघंही संगं झोपून राह्यते नं भाऊ!"

दुकानातल्या कॉम्प्युटरवर लेकीने लिनक्स बसवलं होतं आणि परक्यांना अडवायला यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल. पुण्याला नोकरी लागली तरी रोज संध्याकाळी ती तिथूनच या कॉम्प्युटरमध्ये शिरून साफसफाई करायची. पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला की साडू गिऱ्हाइकाला गप्प बसवत. "थांबा जरा, पोरगी येऊन राहिली."

एक दिवस बाण हललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोनवर लेक वैतागून म्हणाली, "बाबा, मले आत येताच येत नाही. तुमसरचा कोणी माणूस लावून घ्या आता." साडू ताटावरून उठले. मेहुणीबाईंनी मला बोलावून घेतलं.

मला असल्या भानगडींचं भारी कुतूहल. "दरवाजा त मी उघडाच ठेवला," साडू म्हणाले. खरंच, यूएफडब्ल्यूत लेकीची वाट मोकळी होती. मग अडवतंय कोण? खणता खणता फायरवॉलडी नावाची दुसरी फायरवॉल सापडली, तीही टक्क जागी. एकीने सोडलेल्या पाहुण्याला दुसरी उंबऱ्यावरूनच परत लावत होती.

"ही कुठून आली?"

साडू पंख्याकडे बघू लागले. "पोरगी गेली. तिच्या मांगं एकटीच राखत होती बिचारी. मीनंच जोडीले आणून देली."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. म्हटलं, "दोन्ही चांगल्या आहेत, पण नांदणार एकच. कोणती ठेवू?"

आयुष्यभर दोन कुलपं लावलेल्या माणसाने पडद्यावरच्या थांबलेल्या बाणाकडे बघितलं. मग म्हणाला, "माही काढा. तिनं लावलेली राहू द्या."

मी फायरवॉलडी कायमची बंद केली, यूएफडब्ल्यू पुन्हा सुरू केली आणि लेकीला फोन लावला. थोड्या वेळाने बाण जागचा हलला.

साडू लगबगीने खुर्चीतून उठले, ती पदराने पुसावी तशी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली आणि बाजूला उभे राहिले.

"बस बेटा," ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले.