पुलापर्यंतचा रेडिओ

वॉशिंग मशीन फारच धडधडतंय म्हणून मी धावत जाऊन प्लग काढला. आवाज चालूच! "डॅड, इट्स माय म्युझिक! जंगल!" लेक आतून ओरडली. जंगल म्हणजे हा ड्रम्स बडवणारा संगीतप्रकार.

ते ड्रम्स मी ओळखायला हवे होते. इथे परदेशात नवा होतो, वेंटवर्थव्हिल उपनगरात राहून युनिव्हर्सिटीत शिकत होतो, तेव्हा माझा रूममेट मिलिंद हेच लावायचा, आमच्या भाड्याच्या घरातून चालवलेल्या त्याच्या विनापरवाना रेडिओ स्टेशनवर. आवाज कुठवर पोचतो ते गाडीतून फिरून बघणं, एवढंच माझं तांत्रिक योगदान. रेल्वेच्या पुलापलीकडे नुसती खरखर.

एका सकाळी नाशिकला त्याची आई वारल्याचा फोन आला. अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. दुपारी तो नेहमीसारखा माइकपाशी बसला. मी नेहमीसारखा गाडीतून ऐकत फिरत होतो. गाडी तापलेली, शर्ट सीटला चिकटलेला, आणि दारं थरथरवणारा तो बेस एकदम थांबला. मग मिलिंदचा आवाज, मराठीत, "आई, निघालीस? मी नाहीये गं तिथे." पुढे गेलो तर आवाज तुटेल, म्हणून मी पुलाशीच गाडी थांबवली.

तेव्हा वाटलं, रेडिओ पुलापलीकडे जात नाही आणि हा वेडा नाशिकशी बोलतोय. पुढे माझी आई गेली, तेव्हा मीही इथेच होतो. आता वाटतं, त्याच्याकडे निदान माइक तरी होता.

हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आई गेल्या तेव्हा तू एक शब्द बोलला नाहीस. आता बोल, मी ऐकतेय."