दक्षतेचा रकाना

ज्याला काहीच येत नाही असा माणूस देवाने घडवलेलाच नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे बऱ्हाणपूर-लालबागचे मामा. आईचे ते आतेभाऊ, म्हणजे नातं तसं लांबचंच. पण शाहपूरहून मी बऱ्हाणपूरला कॉलेजात आलो तेव्हा माझी वळकटी त्यांच्याच ओसरीवर पडली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळ्याचीच भीती वाटायची. मामांना कशाचीच वाटत नसे. गिरणीतल्या जावक कारकुनीतून ते मोकळे झाले होते, आणि लोकांचे नोकरीचे अर्ज लिहून देणं हा त्यांनी स्वतःला लावून घेतलेला नाद होता.

अर्ज लिहायला ते घरात बसत नसत. अर्जदाराला घेऊन घरामागच्या कुंडीच्या, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या कालव्यावर खणलेल्या विहिरीच्या, काठावर जायचं, खोल जमिनीच्या पोटातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहायचं, डोळे मिटायचे आणि त्यालाही मिटायला लावायचे. "तोंडाले विचारू नको," ते म्हणायचे, "हाताले विचार. हाताले काय येतं?" एकदा एक विणकर असे डोळे मिटून बसला तो चक्क झोपलाच. मामांनी त्याला उठवलं नाही. तासाभराने तो जागा झाला तेव्हा कागद तयार होता. मामा मला हळूच म्हणाले, "झोपीत बोटं हालत व्हती रे त्याची. धागा जोडी राह्यला व्हता." आणि अर्जात त्यांनी लिहिलं होतं की हा इसम तुटलेला धागा न पाहता जोडतो.

विशेषणांशी मात्र त्यांचं उभं वैर. त्यांच्यासमोर जो कुणी स्वतःला विशेषण लावेल त्याने कुंडीतून एक घागर पाणी आणून द्यायचं, असा दंडकच होता. मामींचा रांजण मुख्यतः विशेषणांवरच भरायचा. एक जण आला आणि म्हणाला, "मामा, मी लई मेहनती आहे, असं लिहा ना."

"मेहनती तं टांग्याचा घोडाबी आहे. त्याले लावू का नोकरीले? जाय, घागर आण."

घागर आणून तो धापा टाकत म्हणाला, "मंग प्रामाणिक लिहा."

"आणखी एक आण," मामा म्हणाले. आतून मामींचा आवाज आला, "अहो, त्याले अजून थोडं बोलू द्या. न्हाणीतली बादली रिकामी आहे."

शेजारच्या एक काकू दवाखान्यात आया म्हणून लागायला निघाल्या होत्या. "मले काय येतं भाऊ? चूल आन् पोरं," म्हणत त्या अर्ज न घेताच वाटेला लागल्या. मामा चपला न घालता त्यांच्या मागे धावले आणि वेशीजवळ त्यांना गाठून, भिंतीला कागद टेकवून लिहून आले: 'एकाच वेळी रडणाऱ्या तीन मुलांना, आपण न ओरडता, शांत करण्याचा अकरा वर्षांचा अनुभव.' काकूंना नोकरी लागली. त्या दिवसापासून मामांना वाटू लागलं की सरकार त्यांचेच अर्ज वाचण्यासाठी चालतं.

पण राज्यांची फेररचना झाली, राजधानी बदलली आणि नागपूरला जाणारे कागद भोपाळला जाऊ लागले. छापील अर्ज हिंदीत आले. बाजारातली हिंदी आम्हा सगळ्यांना यायची; ही कचेरीतली हिंदी मात्र नवी होती. नेमकी त्याच वेळी खंडव्याच्या एका कचेरीत कारकुनाची जागा निघाली. पावसाआधी नोकरी लागली तर बाहेरून परीक्षा द्यायच्या, नाही तर कॉलेज सोडून वडिलांबरोबर कपाशीत उतरायचं, असं घरी ठरलं होतं. त्यामुळे तो अर्ज मी दोन्ही हातांत धरून मामांकडे नेला.

त्यात एक मोठा रकाना होता: 'दक्षता एवं अनुभव'. मामांचे डोळे भरूनच आले. "इतक्या वर्षांत सरकारनं पहिल्यांदा बराबर सवाल केला रे. किती शिकला ते नाही विचारलं. किती जागा राहतो, ते विचारलं."

मी चाचरत म्हणालो, "मामा, मी देवनागरी टायपिंगची परीक्षा पास झालोय. ते…"

"ते समोर बसशीन तव्हा विचारतीन. इथं जागेपणाचं सांग."

आता मी स्वभावाने तंद्रीत राहणारा. दुपारभर आठवून एकच प्रसंग निघाला. शाहपूरच्या जिनिंगच्या आवारात मी बैलगाडीवर वाचत बसलो असताना शेजारच्या कापसाच्या पोत्यांच्या ढिगातून धूर निघाला होता, आणि मी धावलो होतो.

"धूर तूच पाह्यला?" मामांनी विचारलं.

"नाही. बैलाने हिसका दिला म्हणून मी वर पाहिलं."

"मंग बैलाचं नाव पहिले येईन." आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'बैलाच्या हिसक्याने भानावर आलो. भानावर आल्यावर तीन पोती ओढली. चौथ्याने हात भाजला, तरी ते सोडले नाही.' मी त्याचं जमेल तसं हिंदी केलं आणि अर्ज टाकला.

चार दिवसांनी वर्गातला इटारसीचा मित्र हे ऐकून बाकावर आडवा पडून हसला. "अरे पगले, दक्षता मतलब कुशलता! टाइपिंग लिखनी थी, तूने बैल लिख दिया?" मुदत संपली होती. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि मामांना कारणही सांगितलं नाही.

तरी बोलावणं आलं. खंडव्याच्या साहेबांनी माझा कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "बैल अब कैसा है?"

"अच्छा है, साहब. शाहपुर में है." आणि सगळा धीर गोळा करून मी म्हणालो, "मुझे टाइपिंग भी आती है."

त्यांनी मला यंत्रापुढे बसवलं. नोकरी लागली. बैलामुळे की बोटांमुळे, ते मला आजही माहीत नाही.

परतल्यावर गप्प राहणं सोपं होतं. पण कुंडीच्या काठावर मामांपुढे दुसऱ्याच कुणाचा तसाच छापील अर्ज उघडा पडला होता. मी म्हणालो, "मामा, हिंदीत दक्षता म्हणजे जागेपणा नाही. अंगातलं कसब."

मामांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे मी तुझी जिंदगी बैलाच्या गळ्यात बांधली व्हती?"

"तसं नाही, मामा…"

"तसंच आहे. आन् तू आतापर्यंत बोलला नाही." समोरचा अर्ज त्यांनी मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, मला समोर बसवलं आणि मला काय काय येतं ते मराठीत, सावकाश, पहिल्यापासून लिहायला घेतलं. तो कागद कुठेच पाठवायचा नव्हता. टायपिंग पहिल्या ओळीत आलं. आईसारखी बाजरीची भाकरी थापण्यापासून मामींना पोथी वाचून दाखवण्यापर्यंत सगळं आलं. मला येतं हे मलाच माहीत नसलेलंही आलं. ऊन उतरलं, अक्षरं दिसेनाशी झाली. "उरलेलं उद्या," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी खंडव्याला हजर व्हायला गेलो. त्या हिवाळ्यात मामा गेले. कागद माझ्याजवळ आहे. शेवटची ओळ अर्धीच आहे: 'याखेरीज या मुलाला…' पुढे काय लिहायचं त्यांच्या मनात होतं, ते विचारायचं राहून गेलं.