अंगावर पिणारी परदेशी

बुधवार पेठेतल्या निम्म्या पोरांची पहिली अंघोळ शालनबाईंच्या हातची. तान्हं बाळ पायांवर आडवं घ्यायचं, तेल रगडायचं आणि वर त्याच्या आईलाच दम भरायचा, "रडू दे की जरा!" अशी ही बाई. पण एकुलती लेक मनाली अमेरिकेत बाळंत झाली, तेव्हापासून दुसऱ्याचं बाळ न्हाऊ घालताना त्यांचा जीव तुटायचा.

त्यात त्यांचे यजमान रावसाहेब दवाखान्यात पडले. डॉक्टरांनी हात टेकले. रावसाहेबांचा एकच धोशा, "नातीला दाव." शालनबाईंनी लेकीला फोन लावला.

"आई, आधी पोरीच्या, बुद्धप्रियाच्या, व्हिसाचं बघावं लागंल."

"कसला व्हिसा? अंगावर पिणाऱ्या लेकराला एस्टीत तिकीट न्हाय लागत. तू नीघ!"

घाबरलेल्या मनालीलाही ते पटलं. कडेवरच्या बाळाला कोण अडवणार?

तिकडच्या विमानतळावरच अडवलं. आईचा पासपोर्ट भारताचा, तिनं खुशाल जावं. बाळ तिथं जन्मलं, म्हणून ते अमेरिकेचं. व्हिसा नसेल तर भारतात प्रवेश नाही. मनालीनं रडत रडत फोनवर सांगितलं आणि शालनबाईंचं टाळकं फिरलं.

"माझ्या नातीला माझ्या घरी यायची बंदी? आन तिच्या आईला न्हाय? दूध काय देश इचारून उतरतंय व्हय?" दवाखान्याचा व्हरांडा दणाणला.

भाऊ प्रदीप समजावू लागला, "अक्का, नियम हाय त्यो. लेकरू जावयाकडं ठिवू दे. मनाली एकटी आली तर बापाचं तोंड तरी बघंल."

त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर त्या जास्तच भडकल्या. त्याचा राग आला, नियम करणाऱ्यांचा आला आणि 'नीघ' म्हणणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला.

"आई, येऊ का मी?" फोनमधून मनाली विचारत होती.

"लेकराला टाकून आलीस तर दारात उभी करणार न्हाय! व्हिसा काढ, मग दोघी या."

"आणि बाबा?"

शालनबाईंनी फोन बंद केला. पदरानं तोंड पुसून त्या आत गेल्या.

"आली का?" रावसाहेबांनी विचारलं.

"तुमची नात परदेशी हाय म्हनं," त्या दात-ओठ खात म्हणाल्या. "हितं यायला तिला परवानगी लागती."

रावसाहेबांनी उशीवरून मान उचलली. मग क्षीण आवाजात म्हणाले, "मग मी दिली म्हणून सांग की."