नवरीचा दुसरा डोळा

मंजूचा उजवा हात चौकटीत धरून नवऱ्याने दार लावलं होतं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा दार हातावर अडलं. दुसऱ्यांदा हाड वाजलं. तिसऱ्यांदा तिचा आवाजच बंद झाला होता, तरी त्याने लावलंच. आधी काय भांडण झालं होतं ते मी लिहीत नाही. कारण लिहिलं की वाचणारे तोलायला बसतात.

दवाखान्यात नेलं असतं तर डॉक्टरने पोलिसाला कळवलं असतं. म्हणून सासरच्यांनी गावातलाच हाड बसवणारा बोलावला. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. मनगट पूर्ण वळत नाही आणि हात अधांतरी धरला की बोटं थरथरतात.

असा हात घेऊन ती माझ्या पार्लरमध्ये आली. माझं पार्लर गोंदियातून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. तिचा भाऊ दुर्गाप्रसाद तिला घेऊन आला होता. ती खुर्चीच्या कडेला बसली आणि तो तिच्या समोरच मला सांगू लागला.

"ताई, हिले काही शिकवा. अक्षयतृतीयेपर्यंत पाहतो मी. सोताच्या पोटापुरतं जमलं तं ठीक, नाही तं देवरीले नेऊन हिच्या नवऱ्याच्या, देवानंदच्या घरी सोडून देतो. माह्या घरात रोजची कटकट होऊन राहिली."

"आणि त्यानं मारून टाकलं तं?" मी विचारलं.

"तसा नाही जी तो. राग आहे जरा."

मंजू खाली पाहत होती. तिच्या कानामागे कोयरीएवढा डाग होता, केस न उगवलेला. तिथली मूठभर बट त्याने मुळासकट उपटली होती.

मलाही माणूस हवंच होतं. माझी नजर उतरली आहे. भुवया अजून करते, पण नवरीचे डोळे माझ्याच्याने होत नाहीत. आजकालच्या मुली फोनवर पाहून येतात. बाकी मेकअप उन्नीस-बीस चालतो, लायनरची रेघ मात्र सुरीच्या धारेसारखी पाहिजे, दोन्हीकडे सारखी, टोक वर गेलेलं. मी मंजूला म्हटलं, नवरीचे डोळे जिला एकटीने जमतील तिला मी कायमची ठेवीन. जमलं तर देवरी नाही, नाही जमलं तर देवरी. तिला हे दोनदा सांगावं लागलं नाही.

पहिल्याच दिवशी तिने घोळ केला. मी बाटली हातात दिली आणि स्वतःच्या डोळ्याला लावून बघ म्हटलं. आमच्या गावच्या बायका काजळ घालतात ते खालची पापणी ओढून आत. हिने ब्रश बुडवला आणि तसाच पापणीच्या आत फिरवला. डोळा लालभडक झाला, काळं पाणी गालावर आलं. मी धावत तांब्या आणला, डोळ्यावर पाणी मारलं. दुसरी असती तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. ही गप उभी.

"जळते का वं?"

"या डोळ्यात तिखट टाकलेलं हाय ताई. सासूनं डोकं धरलं होतं, त्यानं टाकलं. हे तं थंड लागते."

मी तांब्या खाली ठेवला. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

मग रोज सुरू झालं. लायनर बाहेरून, वरच्या पापणीवर, केसांच्या मुळाला चिकटून. कोपर टेकवायचं, करंगळी गालावर ठेवायची, श्वास सोडताना हात चालवायचा. आधी तीन ठिपके, मग ते जोडायचे. चुकलं तर कापसाच्या काडीला खोबरेल लावून तेवढंच पुसायचं. सुरुवातीला मी तिला वांग्यावर सराव करायला लावणार होते, पण वांग्यावर काळं दिसत नाही. मग लवकी, म्हणजे दुधी भोपळा घेतला. लवकीवर ती दिवसभर पापण्या काढायची आणि संध्याकाळी तीच धुऊन आम्ही भाजी करायचो. महिनाभर आमच्या घरात दुसरी भाजी शिजली नाही.

लवकीवर रेघ यायची, कारण लवकी मांडीवर दाबून धरता येते. माणसाच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली की हात थरथरायचा आणि रेघ करवतीसारखी दातेरी व्हायची. पंचवीस दिवस झाले, तीस झाले. एकदा मी आतून आले तर ती तेच मनगट खिडकीच्या लोखंडी गजावर आपटत होती. धडाधड, कपडे आपटावे तसं. मी तिला मागून आवळून धरलं.

"सोडा ताई. तोडूनच टाकावं वाटते याले."

"तुह्या नवऱ्याचं काम तू कायले करून राहिली?"

ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "ब्रश हातात घेतला का मले त्याचं नरडंच दिसते. रेघ तिथूनच ओढावं वाटते."

मी देवाधर्माचं करणारी बाई आहे. माफ कर त्याला, असं काहीतरी मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "दिसू दे. पण हात हलवू नको."

वाट तिची तिलाच सापडली. माझी मुलगी प्रेरणा बाळंतपणाला आली होती. एका सकाळी मंजू माझ्या नातीला मालिश करून जमिनीवर पाय पसरून, तिचं डोकं दोन मांड्यांच्या मध्ये पकडून काजळ घालत होती. पोरगी वळवळत होती, मंजूचा हात मात्र दगडासारखा स्थिर. मनगट पोरीच्या कपाळावर टेकलेलं, चालत होती फक्त दोन बोटं. तिच्याही ते लक्षात आलं. काजळाची डबी तिने तशीच बाजूला ठेवली.

"ताई, तुम्ही निजा इथं."

"मी?"

"डोकं माह्या मांडीवर ठेवा अन् बोलू नका."

मी पन्नाशीची बाई, पोरीसारखी जमिनीवर आडवी झाले. मनगट माझ्या कपाळावर टेकलं. वाकडं हाड तिथे बरोबर बसलं, जणू त्या जागेसाठीच वाकलं होतं. पापणीवर गार रेघ फिरली. उठून आरशात पाहिलं तर रेघेला एकही दात नाही. प्रेरणा म्हणाली, "आई, तू तं नाटकातली वाटून राहिली." मंजू हसली. ती हसते तेव्हा बाजूचा एक दात नसल्याचं दिसतं.

त्यानंतर खुर्ची बंद. आलेल्या बाया आधी कुरकुर करायच्या, लहान पोर समजलं का म्हणायच्या, मग आरसा पाहून गप व्हायच्या. चैत्रात तिने सहा जणींचे डोळे केले, पण त्यात नवरी एकही नव्हती. पहिली नवरी आली ती टीना, जवळच्याच गावातल्या शकुंतलाबाईंची पोर. पत्रिका दाखवली तेव्हा मंजूने ती दोनदा वाचली. नवरदेव देवानंदचा चुलतभाऊ. सासरे म्हणजे यादोराव, देवानंदचे काका. वरात देवरीहूनच येणार.

"हे लग्न सोड," मी म्हटलं. "दुसरी नवरी भेटेल."

"अक्षयतृतीयेले आठ दिवस हायत. कुठून भेटेल?"

"तो येईल ना."

"येऊ द्या. त्याच्या भ्यानं मी जन्मभर लपून रेघा ओढू का?"

लग्नाच्या दिवशी सोमवार होता. माझा उपास होता. पहाटेच नागऱ्याला महादेवाला पाणी घालून मी तिच्यासोबत गेले. आमच्याकडे हळद लागली की नवरी घराबाहेर पडत नाही, म्हणून आतल्या खोलीतच सतरंजी टाकली होती. मंजू भिंतीला टेकून पाय पसरून बसली, टीनाचं डोकं मांडीवर घेतलं. खोलीत दहा-बारा बाया, कोणी साडी नेसत होती, कोणी पोराला पाजत होती. उजवा डोळा झाला. इतकी नितळ रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. वाळेपर्यंत डोळा उघडू नको, असं तिने टीनाला सांगितलं आणि डाव्या डोळ्यावर पहिला ठिपका दिला.

देवानंद तेव्हाच आत आला. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं, तिथे कोणीतरी त्याला सांगितलं असावं. दारातली बाई "अहो, बायका आहेत आत" म्हणाली, तिला त्याने कोपराने ढकललं.

"माही इज्जत विकून लोकाच्या पोरी मांडीवर घेऊन राहिली का?"

आणि लाथ मारली. ती बरगडीत बसली, आवाज मला ऐकू आला. मंजू हलली नाही. हलली असती तर ब्रशचं टोक टीनाच्या डोळ्यात गेलं असतं. तिने आधी ब्रश वर उचलला. दुसरी लाथ खांद्यावर आली, डोकं भिंतीवर आदळलं. तिने बाटलीचं झाकण लावलं. तो केस धरून ओढत होता आणि ती टीनाचं डोकं दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवत होती, अंडं ठेवावं तसं. बारा बायांपैकी एकीचाही पाय हलेना. माझाही नाही. हे मी लपवत नाही.

मग त्याने तिचं उजवं मनगट धरलं आणि पिळलं. तेच मनगट. तिचा डावा हात मागे मेकअपच्या पेटीत गेला. भांग पाडायचा आमचा कंगवा असतो, त्याला मागे वीतभर पोलादी टोकदार दांडी असते. ती तिने त्याच्या हातात, कोपराच्या खाली खुपसली. बाहेर काढली आणि पुन्हा खुपसली.

तो किंचाळला. रक्त सतरंजीवर, भिंतीवर, पाजणाऱ्या बाईच्या पदरावर उडालं. तरी तो डाव्या हाताने तिचा गळा दाबायला धावला. तेव्हा कुठे माझे पाय सुटले. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल मी उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं, परत घातलं. उपासाच्या दिवशी मी माणसाला मारलं. महादेवाला ते नंतर मी सांगितलं, माफी मात्र मागितली नाही. मग सगळ्याच बाया तुटून पडल्या. बांगड्यांनी, नखांनी, कोणी दातांनी. शकुंतलाबाईंनी त्याची मान धरून त्याला उंबऱ्याबाहेर फेकलं तेव्हा त्याचा एक कान फाटलेला होता.

गडबड ऐकून यादोराव आले. भिंतीवरचं रक्त पाहिलं, पुतण्याला पाहिलं.

"या बाईले आधी बाहेर काढा," ते म्हणाले. "लग्नघरात रक्त सांडलं. अन् देवानंदची बायको हाय ते, त्याच्यासंगं गावाले येईल. घरचं घरात पाहू."

मंजू उठायला लागली. तोंडातून लाळेबरोबर लाल निघत होतं. तेवढ्यात टीना उठून बसली. एक डोळा रेखलेला, दुसऱ्यावर नुसता ठिपका.

"मामंजी," ती म्हणाली, "हे बाहेर गेली तं मी पण मांडवात येत नाही. मले पण घरचं घरात पाहाल का तुम्ही?"

यादोरावांनी शकुंतलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही. बाहेर भटजी मुहूर्ताची घाई करत होते. यादोराव पागोटं सावरत निघून गेले आणि अंगणात कोणाला तरी म्हणाले, "देवानंदले दवाखान्यात न्या. इथं दिसला नाही पाहिजे."

मंजूने चूळ भरली. उजवं मनगट वांग्याएवढं सुजलं होतं, बोटं मिटत नव्हती. ती परत भिंतीला टेकून बसली आणि तिने टीनाचं डोकं मांडीवर घेतलं.

"डाव्या हातानं?" मी विचारलं.

"दुसरा कोणता हाय?"

तिने डावा हात कपाळावर टेकवला. रेघ आली, पण पहिल्यापेक्षा जाड. तिने पुसली नाही. उजव्या डोळ्याची रेघ तेवढीच जाड केली, आधी टोक, मग मधलं. टीना मांडवात गेली तेव्हा डोळे असे दिसत होते की नवरदेवाने मान खाली घातली.

मंगलाष्टकं सुरू असतानाच आम्ही ऑटोने पोलीस ठाण्यात गेलो. देवानंदची तक्रार दवाखान्यातून आमच्या आधी पोचली होती.

"बाई, नवऱ्याले भोसकलं तू," हवालदार म्हणाला. "आता तुही तक्रार लिहू का त्याची?"

"दोन्ही लिहा साहेब. कोणतंच सोडू नका."

ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. तीन पानं झाली तेव्हा त्याने पंखा मोठा केला आणि चहा मागवला. दुर्गाप्रसाद धावत आला तेव्हा चौथं पान चालू होतं. त्याने बहिणीचं तोंड पाहिलं, हात पाहिला, बाकावरची तिची पिशवी उचलली.

"चाल मंजू, घरी."

"तुह्या घरी नाही येत दादा. अन् देवरीले तं नाहीच. परवा नवरी हाय, अर्जुनीची. टीनाच्या मावशीनं मांडवातच सांगून ठेवलं."

"या हातानं?"

तिने डाव्या हाताने त्याच्याकडची पिशवी काढून घेतली, माझ्याकडे दिली आणि हवालदाराला म्हणाली, "पुढचं लिहा."