भाऊजी दवाखाना बघायला जातात

जगात निर्दोष अशी एकही वस्तू नाही, ह्यावर आमच्या भाऊजींची जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावरही नव्हती. देवाच्या बाबतीत तर त्यांची तक्रारच होती. माणसाचे गुडघे आणि दात ह्या दोन गोष्टी त्यानं घाईत उरकल्या, असं त्यांचं स्पष्ट मत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव काष्टी, पण सगळी नोकरी नगरला एस.टी.च्या लाल गाड्यांच्या वर्कशॉपात झाली. गाडी रस्त्यावर सोडायची की नाही, हे ठरवणं त्यांचं काम. एक लहानशी हातोडी घेऊन ते चाकाचा एकेक नट ठोकून बघायचे, कान देऊन आवाज ऐकायचे, आणि पटलं नाही तर नुसती मान हलवायचे. ती मान एकदा आडवी हलली की साहेबाचा बाप आला तरी ती गाडी बाहेर पडत नसे. ड्रायव्हर लोक पाठीमागं शिव्या घालत, आणि स्वतःची बायकापोरं बसवायची असली की आधी विचारत, "मामांनी बघितलीय ना ही?"

बरं, हे वर्कशॉपापुरतं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण हातोडी त्यांच्याबरोबर घरी यायची. माठ घ्यायचा तर ठोकून, पाट घ्यायचा तर ठोकून. लग्नकार्यात पंगतीला बसायच्या आधी मांडवाचा खांब हलवून बघणारा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही. माझं स्थळ बघायला गेले तेव्हा तर कहरच केला. सगळीकडे मुलीला चालून दाखवायला सांगतात, ह्यांनी भर बैठकीत नवऱ्या मुलाला सांगितलं, "जरा त्या दारापर्यंत जाऊन या बघू." बिचारा गेला आणि आला. भाऊजी आमच्या वडिलांच्या कानाशी लागले, पण वर्कशॉपात बोलायची सवय, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "वळताना थोडा डावीकडं वढतोय. पर चालंल. लांब पल्ल्याला टिकनारा हाय." लग्न झालं. आमचे हे अजूनही डावीकडं ओढतात, आणि टिकलेही आहेत, त्यामुळं मला काही बोलता येत नाही.

ह्या माणसाबरोबर अक्कानं संसार केला आणि हसत केला. मूलबाळ झालं नाही, त्यामुळं भाऊजींच्या नजरेच्या टप्प्यात सदैव तीच. तिच्या भाकरीला ते नाव ठेवायचे, चुलीला ठेवायचे, चुलीच्या धुरालासुद्धा ठेवायचे. ती म्हणायची, "अगं, नावं ठेवत्यात म्हंजी बघत्यात तरी. आपल्या बापानं आईकडं कधी वर मान करून बघितलं व्हतं का?" मला हे काही झेपणारं नव्हतं. माझ्या भाकरीला कुणी रोज नाव ठेवलं असतं तर मी तवा डोक्यात घातला असता.

बहात्तरच्या दुष्काळात अक्काचं पोट दुखायला लागलं. आधी सगळ्यांनी खापर रेशनच्या लाल मिलोवर, त्या अमेरिकेहून आलेल्या ज्वारीवर फोडलं, कारण त्या वर्षी नगर जिल्ह्यात कुणाचं काहीही दुखलं तरी ते मिलोवरच जायचं. पण दुखणं राहीना, अंगावरचं जाणं थांबेना. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोटात गाठ आहे, ऑपरेशन करून टाका, आणि वेळ लावू नका. सरकारी दवाखान्यात तर दुष्काळी कामावरून आलेली माणसं जमिनीवर झोपलेली. म्हणजे खाजगी नर्सिंग होम बघायला हवं. भाऊजी उठले, टोपी घातली, खिशात हातोडी टाकली आणि मला म्हणाले, "चला वैनी, बाईमानूस संगं पायजे." मेहुणीला वैनी म्हणणारेही जगात हेच एकटे. मी केडगावच्या शाळेत मास्तरीण, शाळा सकाळची, त्यामुळं दुपारी मी मोकळी आणि आयतीच सापडले.

पहिलं नर्सिंग होम वरच्या मजल्यावर होतं. डॉक्टर तरुण, उमदा, आम्हाला बसा म्हणाला. भाऊजी बसले नाहीत. त्यांनी विचारलं, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग कुठं हाय?" डॉक्टर हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. भाऊजींनी कोपऱ्यातलं स्ट्रेचर ओढलं, चपला काढून ठेवल्या, त्यावर उताणे झोपले आणि दोन वॉर्डबॉयना म्हणाले, "मी पेशंट. आग लागलीय. न्या मला खाली." मी मेल्याहून मेल्यासारखी भिंतीला चिकटून उभी. त्या दोघांनी उचललं, आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर काही वळेना. तिरकं केलं तेव्हा भाऊजी घसरले आणि टाळकं कठड्यावर आपटलं. उठून टोपी झटकत ते शांतपणे म्हणाले, "माझं जाऊ द्या. पोट शिवलेली बाई आसती तर?" डॉक्टर जिन्याच्या त्या वळणाकडं बघायला लागला.

दुसरीकडे खालीच सगळं होतं, जिनाच नाही. मी मनात देवाला हात जोडले. भाऊजींनी खाटा ठोकल्या, खिडक्या उघडझाप केल्या, मग विचारलं, "लाइट गेली तर?" डॉक्टर म्हणाले, गॅसबत्ती आहे. "पेटवा." बत्ती काही केल्या पेटेना. कंपाउंडर पंप मारतोय, भडका उडतोय, काजळी धरतेय. "तवर पोट काय उघडंच ठेवनार?" भाऊजी म्हणाले. "आन् त्या बत्तीच्या शेजारी त्ये ऑक्सिजनचं नळकांडं ठेवलंय, त्ये कशापायी? समदं एकदमच उरकायला?" डॉक्टरांचा चेहरा पडला आणि ते स्वतः उठून नळकांडं सरकवायला लागले. तिसऱ्या ठिकाणी भाऊजी सरळ गच्चीवर चढले. पाणी टँकरचं, टाकीवर झाकण नाही, आत कबुतराची पिसं. तिथल्या भल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी टाकी घासून पत्रा बसवला आणि पुन्हा या म्हणून निरोप धाडला. भाऊजी गेले. टाकी बघून खूश झाले, पण येताना मान आडवी. काय तर म्हणे, हत्यारं उकळायच्या भांड्याचं झाकण नीट बसत नाही.

गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ! लोक हसायला लागले. भाऊजी दिसले की दवाखान्यात फिनेलची बाटली उपडी करतात, असं म्हणायचे. मी अक्काच्या घरी जाऊन तिला सगळं साग्रसंगीत सांगायचे आणि ती पोट धरून हसायची. पुढं पुढं पोट धरायची ते हसण्यासाठी नव्हे, हे माझ्या लक्षात आलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. भाऊजींनी मात्र पहिल्या दवाखान्यापासून पुन्हा बघायला सुरुवात केली होती.

शेवटी एक दिवस माझा तोल सुटला. "भाऊजी," मी म्हणाले, "गाडी तपासता तपासता पॅसेंजर स्टँडावरच मरायची वेळ आली. तुमच्या जिभेला काही हाड? एक तरी दवाखाना पास करा की हो!"

ते रागावतील असं वाटलं होतं. ते अंगणातल्या कट्ट्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "वैनी, मी समद्यांना ईचारलं," ते म्हणाले. "म्हनलं, आपरेशनच्या टायमाला मला आत हुभं ऱ्हाऊ द्या. कोपऱ्यात ऱ्हातो, सबूद काढत न्हाई. एकबी व्हय म्हनंना. तिला आत नेनार, आन् दार लावून घेनार. आता जे मला दिसतच न्हाई, त्ये मी पास कसं करू, सांगा?"

जिना, बत्ती, टाकी, ह्यांतलं काहीही खोटं नव्हतं. पण जिन्याची डागडुजी झाली असती, बत्ती नवी आली असती, तरी ते बंद दार राहिलंच असतं. हा माणूस त्या दाराला भीत होता. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

अक्का आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी भाऊजी बाजारात गेले तेव्हा तिनं लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "टांगा आन. त्यांनी न बघितलेला एखादा दवाखाना आसंल की." होता. केडगावच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचं छोटंसं नर्सिंग होम होतं. बाईंनी तपासलं, अक्काच्या गालावरून हात फिरवला आणि तिला ठेवून घेतलं. मी भाऊजींना निरोप धाडला. ऑपरेशन झालं, म्हणजे पोट उघडलं आणि तसंच पुन्हा शिवलं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पसरलंय सगळं. आधी आणायला हवं होतं." हे वाक्य भाऊजींच्या कानावर जाऊ देणार नाही, एवढं मी बाईंकडून वदवून घेतलं. पण ते माझ्या मागंच उभे होते.

अक्का शुद्धीवर आली तेव्हा भाऊजी खाटेशेजारी उभे. तिला बोलायला त्रास होत होता, तरी म्हणाली, "हुभं काय ऱ्हायलाय? फिरून बघून या की समदं." ते गेले. मी दारातून बघत होते. एका खाटेचा पाय विटेवर टेकवलेला होता. भिंतीला ओल होती. न्हाणीतली फरशी निसरडी होती, भाऊजींचाच पाय सरकला तिथं. डोक्यावरचा पंखा फिरताना खडखडत होता आणि त्याचा हूक हलत होता, हे मला आंधळीलासुद्धा दिसलं. भाऊजींनी पंख्याकडं बराच वेळ बघितलं. मग ते परत आले.

"कसं हाय?" अक्कानं विचारलं.

"झकास," भाऊजी म्हणाले. "कुठं नाव ठेवायला जागा न्हाई बघ. आपन उगं हिकडं तिकडं हिंडलो. हितंच याया पायजे हुतं."

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं असावं, आणि ते तिला कळलं होतं. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "आता निवांत पडते." पडली तशी ती खरंच निवांत पडली. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. जाईपर्यंत भाऊजी त्या पंख्याखाली, तिच्या खाटेला खाट लावून झोपत होते.

भाऊजी पुढं पुष्कळ वर्षं जगले. दर रविवारी नगरहून चालत केडगावला आमच्याकडं यायचे. टोपी नीट, धोतर नीट, बोलणं अगदी बेताचं. हळूहळू मला चुकल्या चुकल्यासारखं व्हायला लागलं. भाजी खारट झाली तरी गप्प, आमच्या घराचं दार करकरत होतं तरी गप्प. एका रविवारी मी मुद्दामच केलं. चहात साखर टाकलीच नाही. कडूढोण चहा त्यांच्या हातात दिला आणि समोर बसून राहिले. म्हटलं, आता तरी मान हलेल, एकदा तरी म्हणतील, "वैनी, तुमाला शिकवलं कुनी ह्ये?" माझी किती इच्छा होती म्हणून सांगू!

त्यांनी बशीत ओतून सगळा चहा प्याला. मिशा पुसल्या. "चांगला झालाय," म्हणाले. "अजून हाय का अर्धा कप?"

मी आत जाऊन त्यात साखर घातली, चांगली दोन चमचे, आणि आणून दिला. तोही त्यांनी तसाच प्याला.