आठ पोती शाडू

यादी वाचून झाली आणि अध्यक्ष बाईंनी माझ्या मुलीच्या नावावर लाल पेनाने रेघ मारली. माझ्या डोळ्यांदेखत.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मातीकामात सोनलला नाही धरता येणार. तुमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाच आहे तो. तिच्या हातातच असणार. बाकीच्या मुलांवर अन्याय होतो."

रोह्यातली शाळा. तालुक्यातल्या शाळांची कलास्पर्धा यंदापासून दरवर्षी आमच्याकडे होणार होती, म्हणून पालकांची समिती केलेली. गाणं, नाच, चित्रकला, मातीकाम. टेबलाभोवती दहा-बारा जणी. मला हेडसरांनी मुद्दाम बोलावलेलं. पेणच्या गणपती कारखान्यात माझी निम्मी जिंदगी गेली, शाडूची माती मला कळते, हे त्यांना ठाऊक होतं.

माझ्या शेजारी गाण्याच्या क्लासवाल्या बाई बसलेल्या. त्यांची मुलगी गाण्यात होती. नाचाच्या क्लासवालीची मुलगी नाचात. त्यांच्या नावांवर रेघ नाय. त्यांच्या पोरींनी घरात शिकलं तर ते संस्कार, माझ्या पोरीने शिकलं तर धंदा. आणि अध्यक्ष बाईंचा मुलगा मातीकामात होता. त्याचं नाव यादीत सगळ्यात वर.

पिढ्यान्‌पिढ्या म्हणे. माझी आजी जंगलात कोळशाच्या भट्टीवर राबली. आम्ही आदिवासी वाडीवरचे लोक, मातीचे गणपती कधी कोणी केले आमच्यात? आई पेणला कारखान्यात लागली ती पोटासाठी, मी तेव्हा दहा वर्षांची.

आणि ते मावशी. अध्यक्ष बाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचा नवरा धाटावच्या कंपनीत साहेब, माझा तिथेच कंत्राटावर शिफ्टला. म्हणून मी मावशी. भांडीवालीला म्हणतात ना, तशी.

मी काय बोलले? "बरं" बोलले. त्या एका शब्दाची मला आजही चीड येते.

तो शब्द आईचा. कारखान्यात माती मळायची आई, साच्यात दाबायची मी. गणपती बघायला गिऱ्हाईक आलं की मालक मान हलवायचा आणि आम्ही सगळ्या बाया मागच्या पडवीत जायचो. वाडीवरच्या बायांचे हात देवाला लागतात हे गिऱ्हाइकाला दिसायला नको. मालक पुढे सांगायचा, "सगळं घरच्या हातचं." कोपरापर्यंत माती लागलेली आम्ही पडवीत उभ्या. मी एकदा विचारलं, आपण का लपायचं? आई बोलली, "बरं म्हणायचं गो. काम टिकतं." आईवर नाय राग माझा. पण ते बरं मी तिच्याकडून उचललं, हे खरं.

बैठकीतून वरसेला घरी आले. सोनल सातवीत. महिनाभर मातीचा खेकडा करायला बसत होती. खेकड्याचे पाय मोडायचे, करायची, मोडायचे. मग तिने स्वतःच शोधलं, पाय अंगाशी दुमडून घ्यायचे. मी बोटसुद्धा लावलं नाय.

"नाव खोडलं तुझं," मी सांगितलं.

"का?"

"मी मातीचं काम करते म्हणून."

तिने विचारलं, "तू काय बोलली?"

"बरं बोलले." पोरीने खेकडा उचलला, पाण्याच्या बादलीत सोडला आणि विरघळेपर्यंत बघत उभी राहिली. माझ्यातलं बरं तिथे संपलं.

दुसऱ्या दिवशी समितीचा कागद आला. कोणी काय करायचं ते टाइप केलेलं. सगळ्यांची नावं, आडनावं. खाली शेवटची ओळ, "मातीचा पुरवठा — मावशी". मला नाव नाय. पुरवठा एवढंच काम. मी तो कागद चारदा वाचला आणि ठरवलं, लिहिलंय तेवढंच करायचं. त्याच्या पुढे काडीही नाय.

स्पर्धेच्या सकाळी पेणहून टेम्पो आणला. आठ पोती शाडू, शाळेच्या पटांगणात रांगेत उतरवली. मग पालकांच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारी सोनल. दोन्ही हात मांडीवर.

पोतं फोडलं आणि समितीतल्या बाया बघतच राहिल्या. आत सुकी पांढरट पूड. शाडू आधी भिजवावी लागते, मळावी लागते. त्यांना वाटलेलं पुडा फोडला की माती तयार. कोणीतरी बादली ओतली. मग दुसरी. झाला लगदा. साठ पोरं पाट पुढ्यात घेऊन बसलेली. एक बारकी पोरगी चिखलाचे हात घेऊन रडायला लागली. वाईट वाटलं मला. पण उठले नाय.

अध्यक्ष बाई धावत आल्या. "अहो मावशी, बसलात काय? मळून द्या ना पटकन."

"कागदावर पुरवठा हाय. केला."

"आता ही वेळ आहे का? मुलं खोळंबलीत."

"सोनलचं नाव घाला. माईकवर सांगा, चुकून खोडलं होतं."

त्यांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसर जमिनीकडे बघत होते. पाच मिनिटं गेली. मग माईकवर अध्यक्ष बाईंचा आवाज आला. मुलीचं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, आमचं आडनाव. सगळं नीट, सावकाश.

परत आल्या. "झालं? आता या."

"मी मळणार नाय. तुम्ही मळा. मी सांगते."

"मी?"

"अंगठ्या काढा. माती आत अडकते."

बसल्या. रेशमी साडी सावरत पटांगणात मांडी घालून बसल्या. मी समोर खुर्ची ओढून घेतली. सुकी माती घाला दोन मुठी. बोटाने नाय, तळव्याने दाबा. जोर लावा. उलटी करा. परत. त्यांना बघून बाकीच्या जणीही बसल्या. अध्यक्ष बाई कपाळावरचा घाम पुसायला गेल्या तर माती कपाळाला लागली. मी सांगितलं नाय. मला मजा आली. खोटं कशाला बोलू, आई आठवली आणि जास्तच मजा आली.

तासाभराने स्पर्धा सुरू झाली. सोनलने खेकडा केला, सगळ्यांच्या समोर, दोन तासांत. पाय अंगाशी दुमडलेले, एक नांगी वर.

बाहेरगावचे परीक्षक आले. खेकडा हातात फिरवला. अध्यक्ष बाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. परीक्षकांनी खेकडा खाली ठेवला. "यात मोठ्यांचा हात दिसतो," म्हणाले आणि पुढे गेले. पहिलं बक्षीस अध्यक्ष बाईंच्या मुलाला.

टाळ्या झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. नखांत माती सुकून पांढरी झालेली. "ताई, झालं ना तुमच्या मनासारखं?"

दिवसभरात मावशीची ताई झालेली. मी बोलले, "नाय. अजून नाय."

सोनलने या वेळी खेकडा पाण्यात सोडला नाय. घरी आणला. सावलीत वाळवला. आता तो दारातल्या फळीवर हाय आणि त्याच्याखाली तो समितीचा कागद.

पुढच्या वर्षीची बैठक लागली की मी जाणार. कोणी बोलावो न बोलावो. मातीकामाची यादी मी लिहिणार. परीक्षकांच्या टेबलाला माझी खुर्ची लागणार, आणि कागदावर माझं नाव, आडनावासकट. अध्यक्ष बाईंच्या मुलाचंही नाव लिहीन, खोडणार नाय. पण माती त्याने स्वतः मळायची, माझ्या मुलीच्या शेजारी बसून.

पेणहून माती माझ्याच हाताने येते. यादीवर माझी सही नसेल, तर पोतं टेम्पोतून उतरणार नाय.