जाळीवरचं कुंकू

आमचे साहेब फार भाविक, असं लोक म्हणत. मला विचाराल तर ते नुसते हट्टी होते, आणि हट्टाला गंध लावून फिरत होते.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही माणसं नेणाऱ्या अंतराळयानाची नमुना-केबिन बांधत होतो. आतल्या हवेचं काम माझ्याकडे. बंद केबिनमध्ये माणूस जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो शोषून घेणारं यंत्र मी केलं होतं. तो किती साचलाय हे सीटमागचा सेन्सर सांगे. त्याला हवा मिळायची ती एका बारीक जाळीतून.

खंडेनवमीला गाळ्यातल्या यंत्रांची पूजा झाली. लेथला कुंकू, ड्रिलला कुंकू, आणि ताट घेऊन साहेब केबिनमध्येही शिरले.

"सर, आत काही लावू नका."

"देवाचं वावडं आहे का गं तुला?"

सगळे खिदळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंतर मी आतली फुलं काढली, दिसलं तेवढं कुंकू पुसलं.

दसऱ्यानंतर चाचणी होती. आत बसली आमची टेक्निशियन, माझी मालवणकडची मैत्रीण. बाहेर साहेबांनी बोलावलेले पाहुणे उभे. पडद्यावरची सेन्सरची रेघ एकदम सपाट होती.

"बघा, हवा कशी झकास!" साहेब फुलून गेले.

मला तिथेच खटकलं. आत जिवंत माणूस श्वास घेतोय, रेघ थोडी तरी चढायला नको? मी माईकवर विचारलं, "कशी आहेस गं?" उत्तर यायला वेळ लागला.

"झोप येता गो..."

मी दाराकडे धावले. साहेब आडवे आले. "रीडिंग बरोबर आहे ना? मग पाहुण्यांसमोर तमाशा नको." मी त्यांना ढकललं आणि दार उघडलं. ती बाहेर आली ती डोकं धरून जमिनीवरच बसली.

माझं यंत्र कमी पडत होतं, आणि ते सांगणाऱ्या सेन्सरचं तोंड बंद होतं. सीटमागे वाकून पाहिलं, तर जाळीवर कालवलेल्या कुंकवाचा जाड टिळा वाळून बसला होता.

साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगितलं, "पोरगी घाबरली." ते वाक्य मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पुढच्या खंडेनवमीला ते पुन्हा ताट घेऊन केबिनपाशी आले. दारात माझी मालवणकडची मैत्रीण उभी होती.

"सर, जाळीला लावायचंय ना? आधी स्वतःच्या नाकपुड्या लिंपून घ्या. रीडिंग मी बघते."